तुम्ही विचारलंत म्हणून: लॉगवर तेल दिसते कुठे?

वेललॉगची, म्हणजे तेलविहिरीत उपकरणे सोडून खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांची, लांबलचक पट्टी टेबलावर पसरलेली असली की पाहणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो: यात तेल कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवा. मला तसे दाखवता येत नाही, कारण विहिरीत सोडलेली उपकरणे तेल मोजतच नाहीत. ती खडकाची नैसर्गिक किरणोत्सारिता, त्याची घनता, त्यातील हायड्रोजन आणि विजेला होणारा रोध (रोधकता) मोजतात. त्यावरून आम्ही हिशेब करतो तो पाण्याचा, आणि पाण्याने न व्यापलेली जागा उरली तर ती तेलाच्या किंवा वायूच्या नावावर लिहितो.

विहिरीतील असा पहिला विद्युत लॉग 1927 साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे, श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने घेतला गेला. खडकातले खारे पाणी वीज वाहून नेते, तेल आणि वायू नेत नाहीत. त्यामुळे सच्छिद्र खडकाची रोधकता अपेक्षेपेक्षा जास्त भरली, तर पाण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे असे समजायचे. पण अपेक्षा किती ठेवायची, हाच खरा प्रश्न आहे. त्याला अभियंते आर्ची यांनी 1942 मध्ये सूत्ररूप दिले. समजा सच्छिद्रता, म्हणजे खडकातील पोकळीचा वाटा, 20 टक्के आणि पाण्याची रोधकता 0.05 ओहम-मीटर आहे. त्या सूत्रातले घातांक नेहमीप्रमाणे 2 धरले, तर पाण्याने पूर्ण भरलेला स्वच्छ वालुकाश्म 1.25 ओहम-मीटर दाखवील. लॉगवर 20 आढळले, तर पाणी 25 टक्के निघते, म्हणजे बाकीच्या 75 टक्के पोकळीत तेल किंवा वायू असावा. आता त्याच थरातील पाणी कमी खारे, 0.2 ओहम-मीटरचे निघाले, तर पाण्याचा वाटा थेट 50 टक्क्यांवर जातो. पट्टीवरची एकही रेषा हललेली नसते.

सच्छिद्रतेनेही मला एकदा चांगलेच फसवले आहे. नवखा असताना मी एका थरात 30 टक्के सच्छिद्रता काढून तो तेलाचा म्हणून उत्साहाने रंगवला होता. वरिष्ठांनी एवढेच विचारले, "कॅलिपर पाहिलास का?" कॅलिपर म्हणजे विहिरीच्या भोकाची रुंदी दाखवणारी रेषा. तेथे विहिरीची भिंत ढासळून भोक रुंद झाले होते, घनतेच्या उपकरणाची पट्टी खडकाला टेकलीच नव्हती, आणि मी खडकाऐवजी ड्रिलिंग मडची, म्हणजे खोदताना विहिरीत भरलेल्या चिखलवजा द्रवाची, घनता वाचत बसलो होतो.

याच्या उलट चूक मला अधिक महागाची वाटते. वाळूचे आणि शेलचे (चिकणमातीच्या खडकाचे) थर काही सेंटिमीटरांचे असतील, तर रोधकतेचे उपकरण त्यांना वेगळे ओळखू शकत नाही. वीज शेलमधून सुखाने निघून जाते, एकूण रोधकता कमी दिसते आणि वाळूत तेल असूनही थर पाण्याचा समजून सोडला जातो. अशा वेळी गाभ्याचे नमुने (विहिरीतून कापून काढलेले खडकाचे तुकडे) पाहावेत, दाबाच्या चाचण्या घ्याव्यात, शक्य असल्यास खालचा द्रवच वर आणावा. वायूचे त्या मानाने सोपे असते: स्वच्छ वालुकाश्मात न्यूट्रॉनची (हायड्रोजन मोजणारी) आणि घनतेची रेषा एकमेकींना ओलांडतात.

म्हणून आता कोणी बोट ठेवायला सांगितले, की मी ते आधी खाली, निखालस पाण्याने भरलेल्या स्वच्छ वालुकाश्मावर ठेवतो, तिथून पाण्याची रोधकता काढतो आणि मगच पट्टीवर वर सरकतो.