विंचवाचं बिऱ्हाड आणि माझा टेप

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दादरला उतरलो तेव्हा पिशवीत सुताराकडून उसना आणलेला पंधरा मीटरचा टेप होता. आईनं दिलेल्या दशम्याही होत्या, पण त्या कर्जत यायच्या आत संपल्या.

टेपाचं कारण आधी सांगतो. आमचा सांगलीतला नाटकाचा ग्रुप गेली कित्येक वर्षं एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत तालमी करायचा. मालकांनी ती खोली मे महिन्यात कोचिंग क्लासला दिली. बरोबर आहे, क्लासवाले आगाऊ भाडं देतात आणि आम्ही चहाचं बिलसुद्धा उधार ठेवतो. तुम्ही म्हणाल, सांगलीत जागेची काय ददात? ही तर नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिरही आहे. आहे, पण तिथं आमच्या नाटकाला सत्तर माणसं आली तर नटांना समोर माणसांपेक्षा खुर्च्यांच्या पाठीच जास्त दिसतात. म्हणून ठरलं की कुणीतरी मुंबईला जाऊन छोटी थिएटरं कशी तगतात ते बघून यायचं. रजा शिल्लक असलेला मी एकटाच निघालो.

दादरच्या फुलबाजारातून वाट काढत छबिलदास गल्लीत शिरलो. जुलैचा पाऊस आणि पायाखाली झेंडूचा चिखल. छबिलदास हे नाव आमच्या पिढीनं फक्त ऐकलेलं. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४ च्या सुमाराला या शाळेचा हॉल मिळवला. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. मराठी प्रायोगिक रंगभूमीला पुढं 'छबिलदास चळवळ' असं शाळेचंच नाव चिकटलं. असा मान किती शाळांना मिळाला असेल?

फाटकाशी रखवालदार होते.

"मामा, वरचा हॉल बघायचाय जरा."

"शाळा चालू आहे. काय काम?"

"मोजायचाय," मी म्हणालो आणि टेप दाखवला. तिथंच चुकलं.

"बिल्डरकडून आलाय?"

मुंबईत हातात टेप घेऊन फिरणारा माणूस नाटकवाला असू शकतो हे कुणाच्या गावीही नसतं. मी टेप पिशवीत टाकला आणि समोर श्रीकृष्णचा बटाटावडा खायला गेलो. हा वडा क्रिकेटच्या चेंडूएवढा असतो आणि प्रायोगिक नाटकाइतकाच तोंड भाजतो. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी माझं आणि मामांचं बोलणं ऐकलं होतं. कॉलेजात असताना ते इथं नाटकं बघायला यायचे. "बघायला म्हणजे काय," ते म्हणाले, "लवकर गेलो की खुर्च्या लावायलाही आम्हीच. नाटक संपलं की उचलायलाही आम्हीच. सकाळी पोरांची शाळा असायची ना!"

मी ते वहीत लिहून घेतलं. त्या हॉलला पडदा वर न्यायची सोय नव्हती की नेहमीसारखा उंच रंगमंच नव्हता. मग नाटक जमिनीवर आलं. खुर्च्या हलवता येत होत्या, म्हणून प्रत्येक नाटकाला प्रेक्षक वेगळीकडं बसवता आले. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, विजया मेहता आणि विजय तेंडुलकरांच्या 'रंगायन' या संस्थेनं सभासद-प्रेक्षक गोळा करून प्रयोग केले होते. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी तर कंबाला हिलवर आपल्या इमारतीच्या गच्चीलाच 'मेघदूत' नाव देऊन थिएटर केलं, आणि दिग्दर्शक सत्यदेव दुबे ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये नाटकं बसवायचे. यांतलं एकही ठिकाण नाटकासाठी बांधलेलं नव्हतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. छबिलदासनंतर 'आविष्कार'चं बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. पुन्हा शाळाच.

वड्यानंतर शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या दारात जाऊन उभा राहिलो. नाटकांचे फलक वाचले आणि खुर्च्यांचा प्लॅन बघितला. दुपारचा प्रयोग सुटत होता. मागच्या बाजूला एका नाटकाचा सेट टेम्पोत चढत होता आणि दुसऱ्या नाटकाचा टेम्पो नंबर लावून उभा होता. व्यावसायिक नाटकाचं अर्धं गणित या दोन टेम्पोंत आहे. थिएटर सत्रावर मिळतं. एका सत्रात सेट लावा, प्रयोग करा, सेट काढा आणि पुढच्याला जागा द्या. तारखा शनिवार-रविवारच्याच हव्यात, त्या सगळ्यांनाच हव्यात. पेपरातली जाहिरात, बस, टेम्पो, पडद्यामागच्या माणसांची नाईट म्हणजे प्रयोगामागची मजुरी, हे सगळं पहिलं तिकीट फाटायच्या आधीच उभं असतं. असा खर्च असताना निर्मात्यानं ओळखीचा चेहरा घेऊ नये तर काय करावं? त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी स्वतः ठेवत आलोय. त्या दिवशी टेम्पोत सोफा चढवणाऱ्या चौघांकडं बघून जरा गप्प बसलो.

संध्याकाळी पृथ्वी थिएटर. जुहूला जानकी कुटीर शोधताना रिक्षावाल्यानं दोनदा फिरवलं, ते असो. पृथ्वी सुरू झालं ५ नोव्हेंबर १९७८ ला. आमच्याकडं ५ नोव्हेंबर म्हणजे मराठी रंगभूमी दिन, भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'चा. पहिला प्रयोगही गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा, हिंदीतून. सांगलीकर म्हणून माझी मान उगाच ताठ झाली.

शशी कपूर आणि जेनिफर यांनी वेद सेगन या वास्तुविशारदाकडून हे थिएटर बांधून घेतलं. खुर्च्या दोनशेच्या आसपास. रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला, तिन्ही बाजूंनी माणसं. वेळ झाली की दार बंद. एक साहेब पाच मिनिटं उशिरा आले, फोन दाखवला, ओळख सांगितली, दार काही उघडलं नाही. आमच्याकडं तिसरी घंटा झाल्यावर आमदारांसाठी अर्धा तास थांबायची पद्धत आहे.

नाटक सुरू झालं आणि मी माईक शोधू लागलो. नव्हतेच. नटीनं श्वास घेतला तो तिसऱ्या रांगेत ऐकू आला. सेट म्हणजे एक खाट आणि एक कंदील. इतक्या जवळून बघणाऱ्याला भिंत रंगवून दाखवायची गरजच पडत नाही, आणि टेम्पोचं भाडं तिथंच वाचतं. वर सोमवार सोडला तर रोज प्रयोग. आपल्याकडं शनिवार-रविवार सोडून तारीख मिळाली की ग्रुपमध्ये सुतक लागतं. इथं मंगळवारी लोक नाटकाला येतात, कारण मंगळवारी नाटक असतं हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. ही सवय लावायला किती मंगळवार रिकामे गेले असतील, ते मात्र कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्मीला गेलो. लक्ष्मी मिलच्या आवारात जुन्या गोदामाचा ब्लॅक बॉक्स, म्हणजे हवी तशी मांडणी करता येणारी काळी खोली, केलेलं 'जी-फाइव्ह-ए' हे थिएटर आहे. ते बाहेरूनच बघितलं, कारण प्रयोग नव्हता. तिथून परळला. गिरणी कामगारांची नाटकं बघितलेला दामोदर हॉल १९२२ चा, तो २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. तिथं फार वेळ थांबलो नाही. टेप पिशवीतून काढायची तर इच्छाच झाली नाही.

संध्याकाळी मेट्रोनं वर्सोव्याला, आरामनगरात. एकमजली बैठी घरं, गल्ल्यांत साचलेलं पाणी, आणि प्रत्येक दुसऱ्या दारात फोटो हातात घेऊन उभी असलेली सुंदर, घामेजलेली मुलं. ही ऑडिशनची गल्ली. याच आरामनगरात सुनील शानबाग आणि सपन सरन यांनी 'स्टुडिओ तमाशा' ही नाटकाची छोटी जागा उभी केली होती. मी गेलो ती जागा त्याहून लहान, ओळखीतून कळलेली. जागा चालवणाऱ्या ताई मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या, त्यामुळं बोलणं सरळ भाड्यावरच आलं.

"ताई, नाटकावर हे भाडं निघतं?"

"नाटकावर? नाटकावर विजेचं बिलसुद्धा निघत नाही हो." त्यांनी मागची खोली दाखवली. निळसर भिंत, दोन दिवे, एक तिवई. "ही खोली तासावर देते. मुलं येतात, ऑडिशनची सेल्फ टेप, म्हणजे स्वतःचा व्हिडिओ, करतात, जातात. सकाळी सातला योगा, दुपारी नाचाचा क्लास. संध्याकाळी उरतं ते नाटकाचं."

म्हणजे सिरियलवाले ज्यांना नाकारणार आहेत, त्या पोरांच्या पैशावर इथं नाटक चालतं. त्यांतली निम्मी संध्याकाळी प्रेक्षकांत बसलेली दिसली.

मी टेप काढला. ताई घाईनं म्हणाल्या, "अहो, तो आत ठेवा. शेजारच्यांना वाटेल बिल्डर आला." मग दोघांनी दार लावून खोली मोजली. अठ्ठावीस बाय एकोणीस फूट. पुढं गाद्या, मागं खुर्च्या, एकूण पंचावन्न माणसं. दिवे एलईडीचे, तीन ग्रुपनी मिळून घेतलेले, ज्याचा प्रयोग त्यानं त्या दिवशी सांभाळायचे. तिकीट ठेवलं नव्हतं. शेवटी एक मुलगा पितळी डबा घेऊन दारात उभा राहतो, सोबत क्यूआर कोड. ताई म्हणाल्या, डब्यात वीस-पन्नास पडतात आणि कोडवर दोनशेच्या खाली कुणी टाकत नाही. फोनवर कमी आकडा टाइप करायला लाज वाटते म्हणे.

नाटक दोन माणसांचं, पाऊण तासाचं. विसाव्या मिनिटाला पावसानं पत्रे बडवायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं, आता थांबतील. थांबले नाहीत. नटानं संवाद न तोडता स्टूल उचलला आणि चार पावलं पुढं येऊन आमच्या गाद्यांच्या कडेवर बसला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं आपणहून उठून पुढं सरकली. माझ्या गुडघ्याला त्याचं कोपर लागत होतं. तो जवळजवळ कुजबुजत होता आणि सगळं ऐकू येत होतं. नंतर कळलं, पावसाळ्यासाठी हे बसवलेलंच आहे, तालमीत 'पाऊस' असं ओरडलं की अख्खं नाटक पुढं सरकतं. पत्र्यावर आवाज अडवणारा थर घालायचा खर्च त्यांनी काढून बघितला होता. त्यापेक्षा नाटक सरकवणं स्वस्त पडलं.

रात्रीच्या परतीच्या गाडीत झोप लागली नाही. ग्रुपवर एवढंच टाकलं: आपल्या गल्लीतल्या शाळेचा हॉल संध्याकाळी सहानंतर कोण वापरतं? नेपथ्यवाल्याचं पहाटे उत्तर आलं: कोणी नाही, पण पंखे फार आवाज करतात. मी लिहिलं, दिवाळीनंतर प्रयोग करू, पंखे लागणार नाहीत.

सोमवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही दोघं हॉल मोजायला गेलो. एकतीस बाय बावीस फूट, आरामनगरपेक्षा मोठा. शिपाईकाका दारात उभे राहून आमचा टेप बघत होते.

"नाटकवाले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाकं जिथल्या तिथं परत लावायची. आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

नेपथ्यवाला तेव्हापासून डोकं खाजवतोय.