वहीतला रकाना

गुरुवार, १५ जानेवारी. पहाटेचे पावणेसहा.

रात्री एकदाच उठले. पावणेतीनला बाथरूमला जाऊन आले आणि पाठ टेकताच झोप लागली. वहीत लिहिलं, जाग १. याच रकान्यात ऑक्टोबरमध्ये ४ आणि ५ आहेत. एका रात्रीपुढे नुसती रेघ आहे, कारण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

वही ठेवायला भाचीने सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट. मी तिच्याकडे गुडघा घेऊन गेले आणि झोपेसाठी रडले. दोन वर्षं रात्री अडीचला टक्क जाग यायची. वॉचमनची काठी, ठिबकणारा नळ, यांचं घोरणं ऐकत पडून राहायचं आणि पहाटे जरा डोळा लागतो तोच दूधवाल्याची बेल. एका डॉक्टरांनी फारसं न विचारता गोळी लिहून दिली होती. तिने झोप लागायची, पण उठल्यावर तोल जायचा. एकदा मोरीत भिंत धरून उभी राहिले तेव्हा पोटात गोळाच आला. आईचं खुब्याचं हाड असंच मोडलं होतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

भाची म्हणाली, "मावशी, चालायला लाग. पण आज चाललीस म्हणून आजच झोप मागू नकोस."

हे तिने आधीच सांगितलं, म्हणून मी टिकले. नाहीतर दहाव्या दिवशी बूट कपाटात गेले असते. तिने वाचून दाखवलेला एक अभ्यास मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलाय. १९९७ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेत स्टॅनफर्डला केलेला. झोपेची तक्रार असलेली ५० ते ७६ वयाची ४३ माणसं. त्यातल्या काहींनी १६ आठवडे, आठवड्यातून चारदा, अर्धा-पाऊण तास व्यायाम केला, त्यात भरभर चालणंही होतं. त्यांना झोप लागायला पूर्वीच्या जवळपास निम्मा वेळ लागू लागला, आणि झोपही पाऊण तासाच्या आसपास वाढली. सोळा आठवडे! मी तर पंधरा दिवसांत निराश व्हायला निघाले होते.

दुसरा अभ्यास २०१३ चा, निद्रानाश असलेल्या साठीच्या आसपासच्या बायकांचा. त्या दिवशीच्या व्यायामाने त्याच रात्रीची झोप सुधारत नव्हती. मात्र रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम कमी व्हायचा. हे ऐकून मला भरूनच आलं. माझंच तर चाललं होतं, झोप नाही म्हणून चालणं नाही, आणि चालणं नाही म्हणून झोप नाही.

परवाची रात्रही वाईटच होती, जाग ३. सकाळी अंग जड, डोळे चुरचुरत होते. तरी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत गेले, कोवळ्या उन्हात वीस मिनिटं चालले आणि परत आले. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, असं भाची म्हणते. दुपारी डुलकी काढली नाही.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. पहिल्या आठवड्यात मी निम्म्यावर बसले होते. आता चढताना धडधाकट उजवा पाय आधी, उतरताना दुखरा डावा आधी. तेवढ्या एका युक्तीने गुडघ्याची कुरकुर निम्मी झाली. वर पोचल्यावर पाठ घामाने ओली आणि कानाला गार वारा. त्या घटकेला मला अगदी धडधाकट वाटतं. वयाबरोबर गाढ झोप कमी होते हे मला पटलंय, विशीतली झोप मी मागत नाही. मला अडीचचं ते एकटेपण नको होतं, आणि ते आता बरंच कमी झालंय.

हेही उठले. आजपासून बरोबर येणार म्हणतात. माकडटोपी शोधताहेत, ती वरच्या खणात आहे, देऊन येते.