आजीची भाषा मराठी लिहिली गेली

२०११ च्या जनगणनेला आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी एक शिक्षक आले होते, ओट्यावर खुर्ची टाकून दिली, मांडीवर तो भला मोठा फॉर्म. नावं, वय, शिक्षण भराभर झालं. मातृभाषा विचारली तर पप्पा पटकन म्हणाले, "सगळ्यांची मराठीच लिहा सर." आणि तेव्हाच आतून आजी विचारतेय, "कोन उना रे भाऊ?"

आजी सटाण्याकडची, तिला अहिराणीशिवाय दुसरं काही धड बोलता यायचं नाही. पण कागदावर ती मराठी बोलणारी झाली. आता ती नाही, आणि हे मला फार लागतं.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलायची ती, शाळेत शिकलो ती नाही. २०११ ला देशभरात खानदेशी बोलणारे साधारण १८ लाख ६० हजार निघाले, अहिराणी त्यातच धरलेली. धुळे, जळगाव, नंदुरबार, वर आपलं कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), आणि सातपूर-अंबडला कंपन्यांत कामाला आलेली एवढी सगळी माणसं... मला तरी हा आकडा कमीच वाटतो, कारण आमच्यासारखी घरं किती असतील. उद्या कोणी अहिराणीसाठी काही मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच येणार ना, बोलणारे किती? १० हजारांच्या खाली गेलेल्या भाषेचं तर तक्त्यात वेगळं नावही येत नाही.

रेशनचंही तेच, अन्नसुरक्षेचा कोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवर चाललाय. तेव्हा नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं, आता पाथर्डी फाट्याकडे नुसती चक्कर मारून बघा.

नव्या जनगणनेत माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ ला आहे, म्हणजे ऐन द्राक्षांच्या सीझनमध्ये. सुरगाणा-पेठची कितीतरी कुटुंबं तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागांत शेडमध्ये राहतात. बागवाल्यांनो, प्लीज, मोजणारे आले की त्यांना शेडपर्यंत घेऊन जा, बंगल्यावरूनच परत पाठवू नका, ती माणसं गावाकडे पण सुटतात आणि इथे पण.

यावेळी मोबाइलवर स्वतः माहिती भरायची सोय आहे, आमच्या घरची मीच भरणार. परवा पप्पांना मातृभाषेचं सगळं समजावून सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग माझी अहिराणी लिही. माझी आई तीच बोलायची."