विषय : एकच लिहावा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गासाठी हळदीवर आधारलेला एक घटक मी आखला. तो मुलांपर्यंत पोहोचेपर्यंत जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला, आणि मधल्या काळातले जवळजवळ पाच आठवडे घटक नियोजनाच्या तक्त्यातील, म्हणजे घटक कसा शिकवणार हे लिहून मंजुरीसाठी द्यायच्या कागदातील, एका चौकटीने खाल्ले. विज्ञान, चित्रकला आणि संगणक एकत्र गुंफून शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांना त्या चौकटीची आगाऊ कल्पना असावी, म्हणून हे लिहीत आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, हेही आधीच सांगते.

सांगलीत हळदीचे निमित्त शोधावे लागत नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळद साठवण्याची सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे (जमिनीखालची कोठारे) मुलांनी पाहिली नसली तरी आजोबांकडून ऐकलेली असतात. आठवीच्या विज्ञानात आम्ल आणि आम्लारी (सोडा, चुना यांसारखे पदार्थ) यांची ओळख आहे. आम्लारीत हळद लाल होते, आणि हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर उभी आहे. हा रंगबदल मुलांनी आधी प्रयोगात पाहावा, मग त्याच रंगांनी चित्र काढावे, आणि शेवटी रंगाचे आकडे काढून संगणकावर आलेख मांडावा, एवढीच कल्पना होती. चित्रकलेचे सर आणि संगणकाच्या मॅडम पाच मिनिटांत तयार झाल्या. अडचण माणसांची नव्हती.

आमच्या शाळेच्या घटक नियोजन तक्त्यात वरच्या बाजूला ‘विषय’ अशी एक चौकट आहे. मी तीत ‘सामान्य विज्ञान, कला, संगणक’ असे लिहिले. चार दिवसांनी नियोजनाची वही पर्यवेक्षकांकडून परत आली, लाल शाईतील शेऱ्यासह : ‘विषय एकच लिहावा.’ मला ते क्षुल्लक वाटले. मी तीन स्वतंत्र तक्ते भरले, तिन्हींत घटकाचे नाव तेच ठेवले आणि पुन्हा वही पाठवली. या वेळचा शेरा असा होता की, एकाच घटकाची तीन नियोजने कशी, खुलासा करावा. खुलासा लिहिण्यात एक संध्याकाळ गेली. त्यात मी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील कलेची सांगड घालून शिकवण्याचा मुद्दा मोठ्या अभिमानाने घातला आणि तो वाचला गेल्याची कोणतीही खूण वहीत उमटली नाही.

तिसऱ्या वेळी मी स्वतःच पर्यवेक्षकांपुढे जाऊन उभी राहिले. “मॅडम, हा घटक नेमका कोणाच्या टाचणात दिसणार?” त्यांनी विचारले. टाचण म्हणजे शिक्षकाने पाठाआधी लिहायची नोंद. तिघांच्याही, असे मी म्हणाले. “मग तासिका कोणाच्या धरायच्या? आणि आकारिकचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे, गुण कोणत्या विषयात चढवायचे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, दुसऱ्याचे नव्हते. तरीही मी वाद घातला, आवाज थोडा चढला, आणि वही त्यांच्या टेबलावर आणखी आठ दिवस पडून राहिली. त्या आठ दिवसांत मी दोनदा शिक्षककक्षात जाहीर केले की, यापुढे पुस्तकातला पाठ वाचून दाखवण्यापलीकडे काहीही करणार नाही.

तक्ता एका विषयाचा आहे कारण तासिका, गुण आणि नोंदी या सगळ्यांच्या वह्या एकेका विषयाच्या आहेत. चौकट हे केवळ त्याचे टोक आहे. हे कळूनही मला त्या चौकटीचा बचाव करावासा वाटत नाही, कारण दुसऱ्या शेऱ्याऐवजी समोरासमोर दोन वाक्ये बोलली गेली असती तर तीन आठवडे वाचले असते. परंतु गुणांविषयीचा प्रश्न रास्त होता. माझ्या आराखड्यात चित्रकला केवळ शोभेपुरती होती : प्रयोग झाला की त्याचे चित्र काढा. त्या चित्रात कलाशिक्षकाने तपासावे असे काहीच नव्हते. सरांशी बसून आम्ही ते बदलले. पिवळ्या हळदीच्या कागदावर सोड्याच्या आणि चुन्याच्या पाण्याने, म्हणजे केवळ दोन रंगहीन द्रावणांनी, पेवाचा उभा छेद रंगवायचा आणि नारिंगीपासून गडद लालपर्यंतच्या छटा साधायच्या, असे ठरले. सर छटा तपासणार, मी कारणे, आणि मॅडम आलेख.

अखेर तक्ता मंजूर झाला तो असा : चौकटीत फक्त ‘सामान्य विज्ञान’, बाकीचे दोन विषय ‘पूरक उपक्रम’ या रकान्यात, आणि सोबत एक पानाचे जोडपत्र, ज्यात कोण काय तपासणार आणि गुण कोठे नोंदवणार हे तीन ओळींत लिहिलेले. तेच जोडपत्र तिघांच्या टाचणवहीत चिकटवले. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. तक्ता लिहिण्याआधी वेळापत्रक पाहणाऱ्या शिक्षकांकडून दोन जोडतासिका मागून घ्याव्यात. मी त्या शेवटी मागितल्या आणि त्यात आणखी एक आठवडा गेला.

प्रत्यक्ष वर्गात सगळे सुरळीत झाले, म्हणून थोडक्यात सांगते. हळद पाण्यात नीट विरघळत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये भिजवावी, ज्योतीपासून दूर. त्यात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या खिडकीत वाळवू नयेत. उन्हाने हळदीचा रंग उडतो, आमच्या शनिवारच्या पट्ट्या सोमवारी फिक्या पडल्या होत्या. चुन्याची वरची निवळी तेवढी घ्यावी आणि डोळ्यांजवळ हात नेऊ देऊ नये. लिंबू आणि साधे पाणी, दोन्हींत हळद पिवळीच राहते, त्यामुळे आम्ल ओळखण्यासाठी जास्वंदीचा अर्क सोबत ठेवावा लागला. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळल्यावर ती पुन्हा पिवळी होते. वर्गात सर्वाधिक गलका तेव्हाच झाला.

संगणकाच्या भागात मात्र एक चूक झाली. २०१९ च्या महापुरानंतर आमचे संगणक वरच्या मजल्यावर गेले आहेत, तेथे ट्यूबलाइट आहे. पट्ट्यांची निम्मी छायाचित्रे तेथे आणि निम्मी अंगणात काढली गेली. प्रत्येक रंगाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ पर्यंत. पट्टी लाल होत जाते तसा हिरव्याचा आकडा खाली यायला हवा, पण आमचा आलेख मध्येच वर उसळला. मोबाईल प्रकाशानुसार रंग आपोआप बदलतो, हे एका मुलीने ओळखले. मग प्रत्येक छायाचित्रात पट्टीशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, पट्टीच्या हिरव्याला त्या पांढऱ्याच्या हिरव्याने भागले, आणि आलेख सरळ उतरला. हिरव्याचा भागाकार किती खाली गेला की आम्लारी म्हणायचे, ही मर्यादा मुलांनी स्वतः ठरवून स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग प्रणालीत घातली. स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालते, हे मंजुरी मागताना आवर्जून सांगावे.

यंदाचे तक्ते जूनमध्ये हाती आले तेव्हा मी सर्वांत आधी वरची चौकट पाहिली. ती तेवढीच आहे. मी तीत ‘सामान्य विज्ञान’ लिहिले आणि जोडपत्राच्या तीन प्रती काढून ठेवल्या.