पुढचा अँटी-रोल बार किती जाड घ्यावा?

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची बंद छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. गेली अकरा वर्षे ऑक्सफर्डशायरमध्ये मी ती स्वतः चालवते आणि शक्य तितकी दुरुस्तीही स्वतःच करते. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलेले मराठी स्नेही भेटले की त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : “वळणावर गाडी फार झुकते, म्हणून पुढे जाड अँटी-रोल बार बसवायचा आहे, कोणता घेऊ?” अमेरिकेत राहणारे त्यालाच स्वे बार म्हणतात. मूळ बारपेक्षा एकच पायरी जाड घ्या आणि तोही सगळ्यात शेवटी घ्या, एवढेच मी फोनवर सांगते. पण त्यामागची कारणे न सांगता दिलेले हे उत्तर कोणाला पटत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण विकत मिळणाऱ्या बारांच्या यादीत सर्वांत जाड बारच सर्वांत चांगला असावा असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते.

हा बार म्हणजे गाडीच्या रुंदीत आडवा बसवलेला, दोन्ही टोकांना काटकोनात वळवलेला पोलादी दांडा असतो. मधला भाग रबरी बुशांमधून (दांड्याभोवतीच्या अस्तरांमधून) चॅसीच्या पुढच्या रेलना धरलेला असतो आणि टोके छोट्या लिंकांनी दोन्ही बाजूंच्या खालच्या विशबोनना (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या बाहूंना) जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर बार नुसता बुशात फिरतो आणि काहीच विरोध करत नाही. वळणावर मात्र बाहेरचे चाक गाडीच्या सांगाड्याच्या तुलनेत वर जाते, आतले खाली येते, आणि तेव्हा बारला पीळ बसतो. त्या पिळाचा विरोध म्हणजेच गाडीचे कमी झुकणे. म्हणजे बार ही खरे तर एक स्प्रिंगच आहे, फक्त ती झुकण्यापुरतीच काम करते.

आता जाडीविषयी. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि निवडीचा सगळा पेच या एका नियमात आहे. माझ्या गाडीचा मूळ बार रंग खरवडून व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) मोजला तेव्हा तो ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी भरला. त्याच्या जागी ३/४ इंची (१९ मिमी) बार बसवला तर जाडी जेमतेम तीन मिलिमीटरने वाढते, पण बारचा ताठपणा दुपटीहून थोडा अधिक होतो. ७/८ इंची (२२.२ मिमी) बार घेतला तर तोच ताठपणा पावणेचार पटींच्याही वर जातो. आणि ज्यांच्या गाडीला ९/१६ इंची, म्हणजे १४.३ मिमीचा बार आहे त्यांनी एकदम ७/८ वर उडी मारली, तर ताठपणा सहापटीच्या जवळ पोचतो. मुख्य स्प्रिंगाही झुकण्याला विरोध करत असतात, त्यामुळे गाडीचे झुकणे काही त्याच प्रमाणात कमी होत नाही. परंतु झुकणे रोखण्यातला पुढच्या चाकांचा वाटा मात्र मूळ आखणीपेक्षा खूपच वेगळा होऊन बसतो. म्हणून विकणाऱ्याने “फक्त सहा मिलिमीटर जाड” असे सांगितले की तेवढे ऐकून थांबू नये, दोन्ही जाड्यांचा चौथा घात काढून पाहावा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

याच जोडीने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. “खास उच्च प्रतीच्या पोलादाचा, म्हणून अधिक ताठ” असा दावा कोणी केला तर तो चुकीचा आहे. साध्या आणि उच्च प्रतीच्या पोलादाची लवचिकता जवळजवळ सारखीच असते. चांगल्या स्प्रिंग स्टीलचा उपयोग वेगळा आहे : वारंवार पीळ बसूनही बार कायमचा वाकडा होत नाही आणि लवकर तुटत नाही. ताठपणा ठरतो तो जाडीने, बारच्या लांबीने आणि टोकांच्या बाहूंच्या लांबीने. बाहूची लांबी २०० मिमीवरून १८० मिमी केली तर टोकाशी मिळणारा विरोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, आणि काही बारांच्या टोकांना दोन-तीन भोके ठेवलेली असतात ती याचसाठी. पोकळ बारही मिळतात. २२ मिमीच्या बारमध्ये १४ मिमीची पोकळी ठेवली, तर ताठपणा सुमारे १६ टक्क्यांनीच घटतो, वजन मात्र ४० टक्क्यांनी उतरते, कारण मधला धातू पिळाला फारसा विरोध करतच नसतो. शर्यतीत याला अर्थ आहे. रस्त्यावरच्या गाडीसाठी पोकळ बारचे जादा पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही.

कारखान्याचे यावरचे विचार काय होते हेही पाहण्यासारखे आहे. एमजीच्या अ‍ॅबिंग्डन इथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. सुरुवातीच्या उघड्या रोडस्टरला पुढचा बार ही जादा पैसे देऊन घ्यायची वस्तू होती. १९६५ मध्ये आलेल्या जीटीला, जिचे छत आणि मागची काच वजन वरच्या बाजूला वाढवते, तो पहिल्यापासून दिलेला होता. पुढे अमेरिकेच्या नियमांसाठी गाडीची उंची सुमारे एक इंचाने वाढवण्यात आली, जड रबरी बंपर आले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १९७५ च्या मॉडेलसाठी, खर्च वाचवण्याकरता पुढचा बार नेहमीच्या यादीतून काढून टाकला गेला. उंच केलेल्या गाडीचा बार काढल्यावर ती कशी झुकत असेल याची कल्पना करा. १९७७ च्या मॉडेलपासून मांडणी सुधारली आणि मागेही बार आला. त्यामुळे तुमची गाडी नक्की कोणत्या वर्षाची आहे हे मी आधी विचारते ते उगीच नव्हे. १९७५ च्या रोडस्टरला बार नसेल तर तिथे कोणताही बार ही मोठी सुधारणा आहे. माझ्या जीटीसारख्या गाडीला ती बाब लागू नाही.

माझी स्वतःची चूक सांगते. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी ७/८ इंची बार घेतला आणि कडक पॉलियुरेथेन बुशांसह बसवला. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर पहिले दोन दिवस फार आनंद झाला, कारण गाडी सपाट राहून वळत होती. नोव्हेंबरमधल्या पावसात एका गोलाकार चौकात मी नेहमीच्याच वेगाने वळले, आणि स्टीयरिंग वळवलेले असूनही गाडीचे तोंड सरळ बाहेरच्या बाजूला सरकत गेले. वेग कमी होता म्हणून काही झाले नाही. पण कारण घरी येऊन नीट समजून घेतल्यावर मी तो बार उतरवला. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातोच, तो कोणताही बार टाळू शकत नाही. बार फक्त एवढेच ठरवतो की त्या भाराची अदलाबदल पुढच्या जोडीत किती आणि मागच्या जोडीत किती व्हावी. पुढचा बार अति ताठ केला की पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्तीत जास्त ओझे पडते, आतला टायर जवळजवळ मोकळा होतो, आणि टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नसल्यामुळे दोघांची मिळून पकड घटते. ओल्या रस्त्यावर हे सर्वांत आधी जाणवते.

दुसरा त्रास रोजचा होता. आमच्या गावाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांच्या कडा तुटलेल्या आहेत. डावे चाक खड्ड्यात गेले की जाड बार उजव्या चाकालाही आपल्याबरोबर ओढतो, आणि गाडी डावी-उजवीकडे डोके हलवल्यासारखी डुलते. एमजीबीच्या पुढच्या बाजूचे लिव्हर-आर्म शॉक ॲब्सॉर्बर, ज्यांचा बाहूच वरच्या विशबोनचे काम करतो, ही डुलणी लवकर आवरू शकत नाहीत. ते जुने झालेले असतील तर मुळीच नाही.

मग जाड बार घ्यायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एमजीबीच्या पुढच्या आणि मागच्या मांडणीत आहे. गाडी झुकली की पुढचे बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते आणि टायरची कड घासू लागते. झुकणे थोडे आवरले तर टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो. मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, त्यामुळे झुकण्याने तिथल्या चाकांचा कल बदलत नाही. पुढच्या बारने झुकण्याचा भार स्वतःकडे घेतला की मागचे आतले चाक जमिनीवर दाबलेले राहते आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर जागच्या जागी फिरत नाही. याच कारणासाठी, पुढचा बार न बदलता आधी मागे बार बसवण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. एका मर्यादेपर्यंत पुढचा बार पकड वाढवतो आणि त्यापलीकडे घटवतो. मूळ स्प्रिंगा आणि रस्त्यावरचे साधे टायर असलेल्या माझ्या गाडीसाठी ती मर्यादा ३/४ इंचाजवळ आली. तोच बार गेली आठ वर्षे गाडीवर आहे.

“सगळ्यात शेवटी” हे मी का म्हणते, तेही सांगायला हवे. गाडी सैल वाटते याचे कारण बहुतेक वेळा बार नसतोच. विशबोनचे रबरी बुश खाल्लेले असतात, किंगपिनला (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खुंटीला) वेळेवर ग्रीस मिळालेले नसते, शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल गळून गेलेले असते, किंवा टायर वरून नवे दिसत असले तरी दहा वर्षांचे जुने आणि कडक झालेले असतात. हे सर्व नीट केल्यावर महिनाभर गाडी चालवा आणि मग झुकणे खरोखर खटकते का ते ठरवा. माझ्या ओळखीच्या तीन गाड्यांना एवढे झाल्यावर बार बदलावासाच वाटला नाही, आणि मला त्याचे समाधान आहे.

बसवताना काही गोष्टींची काळजी घ्या. कारखान्यातून बारशिवाय आलेल्या गाडीत खालच्या विशबोनला लिंक जोडण्याची जागा आहे का, हे बार मागवण्यापूर्वी पाहा. चॅसी रेलवर जिथे बुशांच्या पट्ट्या बसतात तिथे गंज असेल तर आधी तो काढून पत्रा दुरुस्त करा, कारण जाड बार तिथे जास्त जोर लावतो. बुश नव्या बारच्याच मापाचे हवेत. बार डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून असलेले अटकाव जागेवर हवेत. पॉलियुरेथेनचे बुश घेतलेत तर त्यांच्यासोबत येणारेच ग्रीस लावा, नाहीतर थोड्याच दिवसांत करकर सुरू होते. मी स्वतः आता साधे रबरच वापरते. शेवटचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाके जमिनीवर टेकलेली, गाडीचे पूर्ण वजन त्यांच्यावर, अशा स्थितीत ते आवळा. लिंक कमी-जास्त लांबीच्या करता येत असतील तर सपाट जमिनीवर, चालकाच्या सीटवर तुमच्याइतक्या वजनाचे माणूस बसवून, बारला जराही पीळ राहणार नाही अशी त्यांची लांबी जुळवा. त्यानंतर स्टीयरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बार कुठे घासत नाही ना, ते पाहा. शंभर मैलांनंतर सर्व नट पुन्हा तपासा. इथे ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, तेही विसरू नका.

आणि काढलेला मूळ बार भंगारात देऊ नका. त्याला तेलाचा हात फिरवून, जाडी आणि काढल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. माझा गॅरेजच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगलेला आहे, आणि कोणी विचारायला आले की मी तो ३/४ इंची बारच्या तुकड्याबरोबर त्यांच्या हातात देते, म्हणजे तीन मिलिमीटर म्हणजे किती ते त्यांना बोटांनाच कळते.