बाबांची केमो, पुढे घ्यायची का?

बाबांच्या डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या सहा सायकल झाल्या, आता उरलेल्या चार घ्यायच्या की इथेच थांबायचं यावर घरात रोज चर्चा. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला, हार्मोनच्या इंजेक्शनला दाद देईना म्हणून केमो सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी सलाईन आणि रोज प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी. सुरुवातीला पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा ज्यावरून कॅन्सरचा अंदाज घेतात, तो उलट वाढला तेव्हा आम्ही सगळे हादरलो, पण पहिल्या १२ आठवड्यांत नुसता पीएसए बघून केमो थांबवत नाहीत म्हणे, आणि खरंच नंतर तो उतरला. कमरेचं दुखणंही बरंच गेलं.

पण बोटं बधिर झालीत. शर्टाची बटणं आई लावते, ते चालवून घेतात, पण गणेश चवथीला घुमट, ते चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवता येणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एका हाताने घुमटाचं उघडं तोंड झाकायचं-उघडायचं, दुसऱ्याच्या बोटांनी चामड्यावर ठेका, आता बोट कुठे पडलं तेच कळत नाही. हा बधिरपणा प्रत्येक डोसनंतर वाढू शकतो आणि काहींचा पूर्ण जातही नाही.

२००४ ला आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये हेच औषध जास्तीत जास्त १० सायकल दिलेलं. तिथे मीडियन आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्यापेक्षा जास्त जगले तो काळ, १८.९ महिने, जुन्या औषधावर १६.५. म्हणजे फरक अडीच महिन्यांच्या आत, तोही पूर्ण कोर्सचा, शेवटच्या चार सायकलींचा वाटा किती ते त्यातून कळत नाही.

नातेवाईक फोन करून सांगतात "हार मानू नका". अहो केमो थांबवली म्हणजे उपचार थांबले असं नाही ना! हार्मोनचं इंजेक्शन चालूच राहतं, एखाद्या हाडात परत दुखलं तर तिथे रेडिएशन देतात, कधीकधी एकाच दिवसात होतं, आणि ज्यांना डोसिटॅक्सेल लागू पडलंय त्यांना गरज पडली तर परत देता येतं, नाहीतर कॅबाझिटॅक्सेल हे त्याच जातीचं दुसरं केमोचं औषध आहे.

मला विचाराल तर आत्ता ब्रेक घ्यावा. बाबाही तेच म्हणतात, फक्त आईसमोर नाही. पुण्याचा भाऊ अजून दहाच्या दहा पूर्ण करा म्हणतोय, त्याला मी सगळे रिपोर्ट पाठवलेत, चवथीला फोंड्याला येतोय तर बाबांशीच काय ते बोलू दे, माझ्याशी फोनवर भांडून काय उपयोग.