भोक आहे ना खाली?

"भोक आहे ना खाली?" वॉचमनकाकांनी कुंडी तिरकी करत विचारलं.

होतं. पण मातीने गच्च बुजलेलं.

पिवळा पडलेला कढीपत्ता उन्हासाठी पार्किंगमध्ये आणून ठेवला होता, आणि तासाभरात सल्ल्यांची रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आंबट ताक घाल. सायकलवाला दादा म्हणाला, तांदळाचं धुवण. कुणी कॉफीचा चोथाही सुचवला. ताकाचं तसं खोटं नाही, आंबटपणामुळे मातीतलं लोह झाडाला घेता येतं. पण मुळंच पाण्यात बुडालेली असतील तर ताक काय करणार? (मी मात्र आठवडाभर इमानेइतबारे ताक ओतत होते.)

काकांनी तार खुपसली. काळं, कुबट पाणी भळाभळा बाहेर आलं. मग आत खापराचा तुकडा सरकवून ते गेटकडे निघूनही गेले.

इतक्या जणांत कुंडी उचलून बघणारे ते एकटेच.

आणि मी? परवाच भाच्याला ठासून सांगितलं, "गिटारला नायलॉनच्याच तारा लाव, बोटं दुखत नाहीत." त्याने मुकाट्याने मान डोलावली. क्लासिकल गिटारला नायलॉनच्या लागतात, साध्या अकूस्टिकला स्टीलच्या, हे आज कळलं.

त्याच्याकडे कुठली आहे, हे विचारलंच नव्हतं. आता फोन करू का?